कठड्यावरचा हात

२८ नोव्हेंबर

चि. रंगाऱ्यास आजीचे अ. उ. आ.

मी तुझी आजी. विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. उंचीनं बेताची, नाकानं भरपूर, तुझ्या बापाला जिनं जन्म दिला ती. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा दारातल्या झाडाला पानं होती. आता ती झाडाखाली आहेत, आणि माझी झाडूनही झाली. चित्रं काढणाऱ्यांना चेहरे लक्षात ठेवावे लागतात असं मी ऐकून होते. घरचे सोडून, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पत्र नेहमीप्रमाणे शेजारची नर्सबाई लिहिते आहे. नोकरी सुटल्यापासून टोचायला कुणी मिळत नाही, म्हणून मला टोचते. मला अक्षर येत नाही याचा तिला फार फायदा होतो. मी दहा वाक्यं सांगितली की ती सहा लिहिते आणि चार गिळते. म्हणून हल्ली लिहून झालं की मी सगळं परत वाचून घेते. आत्ताच म्हणाली की हे लिहायची काही गरज नाही. मी म्हटलं, हेच आधी लिही.

तुझ्या बापाचं कार्ड आलं. जहाज कुठल्याशा बंदरात दुरुस्तीला लागलंय, तब्येत ठीक आहे आणि मिशी काढून टाकलीय. कार्डावर एवढंच. समुद्रावर राहून माणसाचे शब्द खारट होतात की आटतात, कोण जाणे.

आता कामाचं. गोगीनं कळवलं की यंदाच्या प्रदर्शनासाठी तू मोठं चित्र करणार आहेस. तेही घराबाहेर, उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत, तैलरंगात, आणि समोर जिवंत माणूस बसवून. बाकीचं समजलं, पण हा जिवंतपणाचा आग्रह कशाला ते नर्सबाईनं समजावून सांगितलं. फोटोवरून काढायचं नाही, असा त्याचा अर्थ म्हणे. आणि बसायला कुणी मिळत नाही, थंडीचं नाव काढलं की जो तो पळतो, म्हणून तू तोंड पाडून फिरतो आहेस.

अरे, काखेत आत्या आणि गावभर काय हिंडतोस? तिला मी गोगलगाय म्हणायचे ते उगाच नाही. लहानपणी तिला पायरीवर बसवून मी बाजारात जायचे, परत यायचे तर ही त्याच पायरीवर, तशीच बसलेली. शेजाऱ्यांना वाटायचं पोरगी कपड्याची केलीय. कोटांची काजं करायला दिवसभर एका जागी बसते ती, तिला तुझ्यापुढे बसायला काय होतं? विचार तिला. माझं नाव सांग.

सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी घातली आहे. ती तू वाचायची नाहीस. मला वाचता येत नाही म्हणून सगळ्यांनी माझं वाचावं असं थोडंच आहे.

बाकी ठीक. माया आहे तेवढी पाठवली आहे, वापरून संपली तर कळव.

तुझी आजी


(सोबतची चिठ्ठी)

चि. गोगीस आईचे अ. आ.

पोरगं चित्रासाठी बसायला विचारेल. विचारायला त्याला जिवावर येईल, कारण त्याची आई गेल्यापासून तूच त्याला वाढवलंस, आणि आणखी काही मागायचं म्हणजे त्याला जड जातं. म्हणून तूच आपणहून म्हण की मी बसते.

आणि बसलीस की नीट बस. चुळबुळ करू नकोस. थंडी वाजते, पाय भरून आले, असलं काही त्याच्या कानावर घालू नकोस. मागच्या प्रदर्शनातून त्याचं चित्र परत आलं तेव्हापासून पोराचा धीर सुटलाय. कुणी जरा मोडता घातला की कुंचला खाली ठेवतो. हे चित्र पुरं होऊ दे. तोवर तू म्हणजे एक टेबल आहेस असं समज. टेबल कधी बोलत नाही.

हे त्याला सांगू नकोस. तुझ्या जिवाला जप, हे काय सांगायला हवं.

आई


१० डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि कान दोन दिवस लाल होते. उशीर झाला खरा. पण नाकाचं वर्णन फार थोडक्यात केलंत. मी असतो तर त्यालाच अर्धं पान दिलं असतं.

आजी, तुमची सूचना म्हणजे लॉटरी लागली. मी विचारायच्या आतच आत्या म्हणाली की मी बसते तुझ्यापुढे, हवं तर उभी राहते. मला वाटलं थट्टा करते आहे. पण सकाळी उठून बघतो तर करडा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात तयार.

आमच्या घरामागे कालवा आहे ना, त्याच्या काठाला लोखंडी कठडा आहे. सकाळी त्याच्यावर दंव गोठून साखर पसरल्यासारखं दिसतं. ऊन येतं ते अगदी आडवं, उजवीकडून, आणि थोडाच वेळ टिकतं. तेवढ्यात जे साधेल ते साधायचं. आत्या कठड्याजवळ उभी राहते, एक हात खिशात आणि उजवा हात कठड्यावर. हातमोजा मी काढायला लावला. लोकरीचा गोळा रंगवण्यात काय अर्थ आहे? सगळं चित्र त्या हातावर उभं आहे. तिची ती काजं करून करून घोटीव झालेली बोटं, त्यांच्यावर ते ऊन. तुम्हाला दाखवायला हवं.

थंडीत तैलरंग म्हणजे हट्टी पोर. नळीतून बाहेर यायला तयार नसतो. जवसाचं तेल मधासारखं घट्ट होतं, कुंचल्याचे केस काड्यांसारखे ताठ. त्यावर मी एक युक्ती काढली आहे. सगळ्या नळ्या स्वेटरच्या आत, छातीशी धरून ठेवतो. पिल्लांसारख्या. लागेल ती काढायची, दाबायची, परत आत. रंग मऊ राहतो. हाताला आत्यानंच विणलेले बिनबोटांचे मोजे आहेत, त्यामुळे माझं छान चाललंय.

आणि आत्या म्हणजे कमाल आहे. हलत नाही, बोलत नाही, चहासुद्धा मागत नाही. चित्रकलेच्या मास्तरांच्या वर्गात बसायला येणारी माणसं दर थोड्या वेळानं पाय झाडतात, नाक शिंकरतात. ही नाही. तुम्ही म्हणालात तसंच.

नर्सबाईंना नमस्कार, गिळलेल्या वाक्यांसकट. तुमची माया अजून शिल्लक आहे, पण साठा करून ठेवायला हरकत नाही. खाली आत्याच्या नेहमीच्या दोन ओळी आहेत.

तुमचा
रंगाऱ्या


२९ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चित्र पुरं झालं. परवा मास्तर घरी येऊन बघून गेले. म्हणाले की हात जिवंत आहे, हे प्रदर्शनात जाईल आणि भिंतीच्या मधोमध लागेल. फेब्रुवारीच्या अखेरीस द्यायचं आहे. म्हणजे झालं मनासारखं.

आत्याचा तुम्हाला नमस्कार. कोटांचा हंगाम आहे, कामाची गर्दी फार, त्यामुळे तिला लिहायला सवड नाही. तिच्या वतीनं मीच लिहितो आहे.

मी हल्ली घरात उपयोगी पडतो हे ऐकून तुम्ही खुर्चीवरून पडाल. स्वयंपाक करतो, म्हणजे करपवतो. भांडी घासतो. आत्याची वेणीसुद्धा घालायला शिकलो, तीनपदरी, तीही बऱ्यापैकी घट्ट. कुंचला धरणाऱ्या हाताला काही अवघड नाही.

इथे थंडी अजून तशीच आहे. कालवा काठांनी गोठला आहे. तुम्ही बाहेर पडताना हातमोजे घालत जा, कृपा करून. हे विसरू नका.

बाकी सगळं ठीक.

तुमचा
रंगाऱ्या


८ जानेवारी

चि. रंगाऱ्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चित्र पुरं झालं हे ऐकून बरं वाटलं. आता मला वेणीबद्दल सांग.

नर्सबाई ते वाक्य वाचून थांबली. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत तेच वाक्य वाचलं. मी म्हटलं, एकदाच लिहिलंय ना पोरानं, मग दोनदा का वाचतेस? तर काही बोलली नाही. ही बाई बोलत नाही तेव्हा मी घाबरते.

अरे वेड्या, गोगीनं शाळेत जायला लागल्यापासून मलासुद्धा वेणी घालू दिली नाही. मी ओढते म्हणायची. आणि आता ती तुझ्यापुढे पाठ करून बसते? कोटांचा हंगाम आहे, कामाची गर्दी आहे, आणि भांडी तू घासतोस, स्वयंपाक तू करतोस. मग ती करते काय? आजवर तुझ्या पत्राच्या खाली तिच्या दोन ओळी असायच्या. मला वाचता येत नाहीत, पण तिथं काहीतरी आहे एवढं दिसायचं. या खेपेला खाली नुसता कोरा कागद. आणि तुझी थट्टाही तुझ्यासारखी नाही. कुणीतरी मागे उभं राहून हस म्हणतंय तसा हसतो आहेस.

आणि मला हातमोजे घालायला सांगतोस. आजवर तू मला कधी नाक पुसायलाही सांगितलं नाहीस.

माझं वय झालंय म्हणून मला काही सांगायचं नाही असं तुमचं दोघांचं ठरलं असेल तर ते मोडून टाक. मनात जे येतं ते खऱ्याहून नेहमी वाईट असतं. रात्री मी तिला काय काय करून ठेवते, ते तुला सांगण्यासारखं नाही. काय झालंय आणि कुठल्या हाताला, तेवढं लिही. नर्सबाई म्हणते हात हा तिचा अंदाज आहे, माझा नाही. खरं म्हणजे दोघींचा आहे.

या पत्राचं उत्तर लगेच हवं. माया आहेच, पण ती आत्ता जरा कडक आहे.

आजी


१५ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

उजव्या.

हे एवढं लिहून मी दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता सगळं लिहितो.

सुरुवातीच्या सकाळी आत्याची बोटं लाल व्हायची. तो लाल मला हवाच होता, करड्या कोटापुढे खुलत होता. मग काही दिवसांनी ती जांभळट दिसायला लागली. तो रंग जमवायला मला त्रास पडला, म्हणून मी तिला रोज थोडा जास्त वेळ उभी करू लागलो. एकदा तिनं विचारलं होतं की डावा हात ठेवला तर चालेल का. मी म्हटलं, ऊन उजवीकडून येतं. तिनं परत विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी थंडी खूप होती. दंवाचा पांढरा आणि बोटांचा रंग एकमेकांपासून वेगळा दिसावा यासाठी मी किती दिवस धडपडत होतो, आणि त्या सकाळी बघतो तर बोटंच पांढरी झालेली. मेणबत्तीसारखी. आजी, मी खूश झालो. हे मला कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. मला एवढा आनंद झाला की मी मनात म्हटलं, हेच हवं होतं. पांढऱ्यात हिरव्याचा एक ठिपका मिसळला आणि एका दमात हात पुरा केला. समोर बोटं मरत होती आणि मी त्यांचा रंग बरोबर जमला म्हणून शीळ घालत होतो.

झालं म्हटलं तर तिला हात उचलता येईना. तिनं डाव्या हातानं उजवा उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि कोटात ठेवला. म्हणाली की तू आवरून ये, मी चहा ठेवते. आणि मी आवरलं. कुंचले एकेक करून धुतले, पुसले, कारण रंग वाळला तर केस खराब होतात. मग घरात गेलो. तेव्हा ती कपाटाला टेकून खाली बसली होती आणि हात धरून पुढेमागे हलत होती. सतत हलत होती.

डॉक्टरांनी सांगितलं की गारठ्यानं बोटं करपली. विस्तवानं जशी करपतात तशी. फोड आले होते, आता कातडी सुटून खाली नवी येते आहे. बोटं राहतील. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला स्पर्श कळतो. मधल्या दोन बोटांच्या टोकांना काही कळत नाही. परत कळेल की नाही ते उन्हाळ्यापर्यंत सांगता येत नाही. सुई तिला दिसते, पण हातात असल्याचं समजत नाही. शिंपीकाकांनी काजांचे कोट दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. ते चांगले आहेत, दारात उभं राहून बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. मी म्हटलं मी शिकतो. एक काज केलं. ते बघून आत्या हसली, आणि मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मी नळ्या छातीशी धरल्या होत्या. रंग गारठू नये म्हणून. तुम्हाला मोठ्या ऐटीत लिहून कळवलं होतं. त्या नळ्यांच्या जागी तिचा हात धरला असता तरी भागलं असतं.

आत्यानं एकदाही हूं की चूं केलं नाही. का केलं नाही ते मला अजून समजत नाही. विचारलं तर म्हणते, तुझं काम चाललं होतं.

तुम्हाला कळवायचं नाही असं तीच म्हणत होती. मला ते सोयीचं पडलं.

आता एकच विचारतो. चित्र माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. आत्यानं पुरं झाल्यावर ते बघितलेलं नाही. मी दाखवलं नाही, तिनं मागितलं नाही. त्यातला हात मी आजवर काढलेल्या सगळ्यांत चांगला आहे. मास्तर म्हणतात तेच खरं. थंडीत तैलरंग लवकर वाळत नाही, अजून ओला आहे. सुरी एकदा फिरवली की तो निघून येईल आणि चित्र प्रदर्शनात जाणार नाही. तुम्ही खरवड म्हणा, मी आजच खरवडतो. मला काहीतरी बोला, रागवा. मास्तर चांगलं म्हणतात आणि आत्या काहीच म्हणत नाही. या दोन्हींमध्ये मला राहवत नाही.

तुमचा


२२ जानेवारी

चि. रंगाऱ्यास आजीचे आशीर्वाद, उत्तम की कसे ते तू ठरव.

तुझ्या पत्राखाली तू नाव लिहायचं विसरलास. नर्सबाईनं सांगितलं.

आधी तिचं ऐक. बोटं चोळायची नाहीत. विस्तवाजवळ धरायची नाहीत. ऊबदार गुंडाळून ठेवायची आणि नवी कातडी ओढायची नाही, कितीही खाज आली तरी. गारठ्याशी पुन्हा गाठ पडता कामा नये, एकदा गारठलेलं बोट पुढल्या वेळी लवकर गारठतं. संवेदना मुंगीच्या पावलांनी येते, आली तर. हे सगळं तिनं न गिळता लिहिलंय.

आता माझं. मी तुला रागावणार नाही. तुला ते फार हवंय म्हणून नाही. मी रागावले की तू रडशील, रडलास की तुझ्या छातीवरचं ओझं उतरेल, रात्री झोप लागेल, आणि गोगीची बोटं तशीच राहतील. ओझं राहू दे. माझ्याकडेही आहे, सोबत होईल.

तू विचारतोस की ती बोलली का नाही. ते मला माहीत आहे. नोव्हेंबरातल्या पत्रासोबत मी तिला वेगळी चिठ्ठी पाठवली होती. त्यात लिहिलं होतं की चुळबुळ करू नकोस, थंडी वाजते म्हणून त्याला सांगू नकोस, तू म्हणजे एक टेबल आहेस असं समज. थट्टेत लिहिलं होतं. माझी थट्टा कुठली आणि हुकूम कुठला हे तिला लहानपणापासून कधी कळलं नाही, आणि मला हे ठाऊक आहे. तुझा धीर सुटू नये एवढंच माझ्या मनात होतं. तिच्या धीराचा मी विचारच केला नाही, तो आहेच असं धरून चालले. जशी ती पायरीवर असायची.

माझी चार वाक्यं गिळणाऱ्या बाईनं नेमकं ते टेबलाचं वाक्य पुरं लिहिलं. तेही नर्स असून. आत्ता हे लिहिताना तिचा हात थांबलाय. मी म्हटलं, लिही, तुझंही त्यात जाऊ दे. तिघं झालो.

हे पत्र तू गोगीला मोठ्यानं वाचून दाखव. शेवटपर्यंत सगळं. चिठ्ठीचं तिला माहीत आहेच, पण तुला माहीत झालं हे तिला कळू दे.

चित्राचं म्हणशील तर मी खरवड म्हणणार नाही आणि ठेवही म्हणणार नाही. खरवडलंस तर तुला वाटेल फिटलं. तसं ते फिटत नाही. पाठवलंस तर तुला वाटेल आजीनं सांगितलं म्हणून पाठवलं. माझ्या नावावर एक झालंय, तेवढं पुरे. तो हात तुझा नाही, माझा तर नाहीच. ज्याचा आहे त्याला तू अजून दाखवला नाहीस, आणि मला विचारतोस, जिला तो दिसायचाही नाही.

तेव्हा ते चित्र सरळ कर. चांगल्या उजेडात ठेव, तिला आत बोलाव, खुर्ची दे, घरातली शेगडी जवळ ओढ आणि तुझी ती सुरी तिच्या हातात दे. मग बाजूला उभा राहा. तिला काय वाटावं हे तिच्या चेहऱ्यावर शोधत बसू नकोस. आजवर फार बघितलंस तिच्याकडे. आता ती बघेल. ती म्हणेल ते.

आणि तिला म्हणावं, आईनं सांगितलंय की आता बोल. नाही, हे असं नको. परत हुकूम झाला. नर्सबाई खोडू का म्हणते, मी नको म्हटलं. राहू दे, तिला दिसू दे की मी कशी आहे.

लोभ कमी झालेला नाही. हे मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

आजी


४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय. तुला वाचायचं नसल्यामुळे तुझं काही बिघडत नाही, नर्सबाईंनी तेवढं सांभाळून घ्यावं.

तुझं पत्र त्यानं वाचून दाखवलं. मधे एकदा पाणी प्यायला उठला. मी म्हटलं, वाच पुढे.

तू ती चिठ्ठी लिहिली नसतीस तरी मी हलले नसते, असं तुला लिहायला घेतलं होतं. तुला बरं वाटलं असतं. मग वाटलं, खोटं कशाला. हलले असते आई. शेवटच्या सकाळी तर नक्की हलले असते. बोट दुखायचं थांबलं तेव्हा मला कळलं होतं की हे काही चांगलं नाही. पण तू टेबल म्हणाली होतीस आणि तो शीळ घालत होता. इतक्या दिवसांत त्यानं शीळ घातली नव्हती.

त्याचा पहिला विचार कुंचल्यांचा होता हे तुला लिहिलंय असं तो म्हणाला, ते मला आवडलं. मला वाटलं होतं ते माझ्याच लक्षात राहिलं.

चित्र बघितलं. खुर्चीत बसून, शेगडी पायाशी घेऊन, तू सांगितलंस तसं. हात चांगला आहे. माझ्या हातासारखा आहे, तेव्हाच्या. त्याच्याकडे मी फार वेळ बघितलं नाही. मी तोंडाकडे बघत होते. माझं तोंड किंचित उघडं आहे, आता काहीतरी बोलणार असं. त्यानं ते अगदी जसंच्या तसं काढलंय, ओठाची ती कड, दात जेमतेम दिसतोय. मी त्याला विचारलं, मी काय म्हणणार होते? तर त्याला ठाऊक नाही. त्याला वाटलं होतं उजेडामुळे तसं दिसतं.

मला ठाऊक आहे काय म्हणणार होते.

सुरी माझ्या हातात होती. त्यानं डोळे मिटले होते. मला तेव्हा त्याचा राग आला, आई. बोटांचा आला नव्हता तेवढा त्या मिटलेल्या डोळ्यांचा आला. मी म्हटलं, उघड, आणि सुरी परत घे. काज एकदा कापलं की ते उसवून कापड सांधत नाही, मग रंग खरवडून काय परत येणार आहे. जाऊ दे ते चित्र प्रदर्शनात. पुष्कळ लोक त्याच्यापुढे उभे राहतील. त्यांतल्या एखाद्याला तरी वाटेल की या बाईला थंडी वाजते आहे.

मी पुन्हा बसणार नाही. हे त्याला सांगून टाकलं. तो लगेच हो म्हणाला. तो हल्ली सगळ्याला लगेच हो म्हणतो, मांजरीसारखा दबक्या पावलांनी फिरतो, त्याचा मला कंटाळा आलाय. काल कपबशी आपटली. आवाज छान झाला.

मी रागावले आहे. त्याच्यावर, आणि तुझ्यावरही. किती दिवस ते ठरवलं नाही. सवय नाही ना, म्हणून जरा घोळवून बघते आहे.

बोटं तशीच. मोठी बटणं डाव्या हातानं लावते, शिंपीकाका पाठवतात. वेणी मीच घालते, सैल होते.

गोगी


१२ फेब्रुवारी

चि. रंगाऱ्यास अ. उ. आ.

गोगीचं पत्र नर्सबाईनं वाचलं. सगळं दोनदा वाचून घेतलं, ‘हलले असते आई’ ही एक ओळ सोडून. ती एकदाच पुरली.

तिचा राग आहे तसा असू दे. घाई करू नकोस. सकाळ-संध्याकाळ तोंडाकडे बघून ओसरला का, उतरला का, असं करशील तर ती तुझ्यावर दया म्हणून तो आवरता घेईल, तिचा स्वभावच तो आहे. तिला तेवढी मोकळीक दे. कपबश्या फुटल्या तर नव्या आण आणि तिच्या हाताशी ठेव. माझ्यावरचा जो आहे तोही तिच्याकडेच राहू दे. मी समजूत काढायला येणार नाही, आणि चिठ्ठी तर मुळीच पाठवणार नाही. तिला जे लिहायचं ते तुझ्या पत्रातून लिहीन, तिच्यासमोर वाचून दाखवायचं, झाकून काही नाही.

चित्र नीट गुंडाळून दे. ओलं असेल तर मास्तरांना विचार कसं न्यायचं. भिंतीवर लागलं की तू रोज तिथं जाऊन उभा राहू नकोस. एकदा गोगीला घेऊन जा, तिला यायचं असलं तर, आणि लोक काय बोलतात ते तिच्या मागे उभं राहून ऐक. कुणी थंडीचं म्हणालं तर मला कळव. कुणी नाही म्हणालं तरी कळव.

मी बरी आहे. हातमोजे घालते. झोप कमी लागते, पण या वयात तिचं तसं काही काम नसतं. नर्सबाई आता माझं एकही वाक्य गिळत नाही, त्यामुळे पत्रं लांबतात. तिला म्हटलं पहिल्यासारखी हो, तर म्हणते आता जमणार नाही.

आणि मला अक्रोड पाठव. फोडलेले. पण तू फोडायचे नाहीत, तुझे मला नकोत. तू बाजारातून आणायचे, अडकित्ता शोधून द्यायचा, टरफलं उचलायची. फोडायचे आणि सोलायचे गोगीनं, वाटेल तेव्हा, वाटलं तरच. नर्सबाई म्हणते बोटांना असं काम बरं असतं, पण हे तिला औषध म्हणून सांगू नकोस, नाहीतर ती पुन्हा निमूट बसेल. तिला म्हण आईला खायचेत, ते खरंच आहे. अख्खा गर निघत नाही म्हणून तिला वाईट वाटायला लागलं तर सांग की माझे वरचे दोनच दात उरलेत आणि त्यांची खालच्यांशी भेट होत नाही, अख्खा गर मला नुसता बघत बसावा लागतो. म्हणून तुकडेच पाठव. जितके लहान तितके चांगले, आणि चुरा झाला तर तोसुद्धा टाकू नका, कागदात बांधून पाठवा.

आजी